खरपुडी

माझे सासरे चाळीस वर्षं क्वालालंपूरच्या मोठ्या हॉटेलात आचारी होते. शहराबाहेरच्या चिनी जेवणाला ते कायम नावं ठेवायचे. शेवटी मीच त्यांना ओढून केपोंगला नेलं, लाय आजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

"इथं? गॅरेजला खेटून? टायरच्या वासात जेवायचं?"

"आधी जेवा बाबा, मग बोला!"

मी चहा ओतला. ओतणाऱ्याचे आभार म्हणून इथल्या चिनी रीतीप्रमाणे आम्ही टेबलावर दोन बोटं वाजवतो. त्यांनी तेवढंही केलं नाही.

समोर बारा शेगड्यांवर मातीच्या बारा भांड्यांत भात शिजत होता. लाय आजी पूर्ण आंधळ्या. झाकण न उघडता त्या प्रत्येक भांड्यापाशी कान नेत, आतली तडतड ऐकत आणि नेमकं झालेलं भांडं उतरवत.

आमचं आलं. सासऱ्यांनी तळ खरवडला. खरपुडी सोनेरी, अख्खी, कुठेही करपलेली नाही. त्यांनी दुसरं भांडं मागवलं. तेही तसंच.

"डोळे असून मला हे कधी जमलं नाही गं," ते पुटपुटले आणि त्यांनी टेबलावर हलकेच दोन बोटं वाजवली. चहा कुणीच ओतला नव्हता.

शेगड्यांच्या तडतडीतून, पाठमोऱ्याच, लाय आजी म्हणाल्या, "ऐकलं हो. जेवा आता."