हसायची जागा

धम्मदीपाने पेनड्राइव्ह अंजू मॅडमच्या हातात दिला आणि मान वर केली, तर सभागृहाच्या दारातून तिची आई आत येत होती.

अंगावर कडक घडीचे पांढरे लुगडे, पायात नव्या चपला. चपला चावत असणार, कारण विमलबाई पाऊल जरा जपूनच टाकत होती. कॉलेजचे प्राचार्य जगदेव सर स्वतः वाट करून देत तिला पहिल्या रांगेतल्या सोफ्यापर्यंत घेऊन आले. आपल्या वाशिम जिल्ह्याची मुलगी एवढी मोठी रसायनशास्त्रज्ञ झाली, विज्ञान दिनाला तिचा सत्कार, आणि तिची आई नको काय, म्हणून त्यांनी सकाळीच तिच्या गावी, इंझोरीला गाडी पाठवली होती. हे त्यांनी धम्मदीपाला आत्ता सांगितले आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटण्याची वाट पाहत उभे राहिले. तिने तो कसाबसा उमटवला.

खरे तर तिनेच आईला येऊ नको म्हटले होते. रस्ता लांबचा आहे, तुझे गुडघे दुखतात, भाषणातले तुला काय कळणार, अशी कारणावर कारणे रचली होती. खरे कारण त्या पेनड्राइव्हमध्ये होते. भाषणाची तिसरी स्लाइड.

त्या स्लाइडवर एक फोटो होता. मातीची चूल, चुलीत पराटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडे, आणि समोर ओणवी होऊन फुंकणीने जाळ फुंकणारी एक बाई. धूर इतका, की चेहरा दिसत नाही. दंडावर उसवलेले पोलके दिसते, फुंकणी धरलेला हात दिसतो, मनगटावरचे गोंदण दिसते. ती बाई विमलबाई होती. धम्मदीपा पीएच.डी. करत असताना पराटीचे नमुने न्यायला घरी आली, तेव्हा तिनेच तो काढला होता. आई म्हणाली होती, थांब, लुगडं बदलून येते. लेक म्हणाली होती, नको, असंच पाहिजे.

इंधन जळते असे आपण म्हणतो, पण ते सरळ जळत नाही. तापले की आधी त्याच्या रेणूंमधले बंध तुटतात, त्यातून वाफा निघतात, आणि पेट घेतात त्या वाफा. जे तुटले पण जळायचे राहून गेले, तो धूर. कोणता बंध आधी तुटतो आणि किती तापल्यावर तुटतो, एवढ्या एका प्रश्नात धम्मदीपाची सारी उमेदीची वर्षे गेली. पराटीपासून निघालेली पोर विमानाच्या इंधनापर्यंत पोचली. पुण्याची प्रयोगशाळा झाली, जर्मनी झाली, देशोदेशीच्या परिषदा झाल्या. विमानाला पैसा मिळत होता, पराटीला कोण विचारतो? भाषणाची सुरुवात मात्र अजूनही चुलीपासूनच व्हायची, कारण तो फोटो हमखास चालायचा. ‘भारतातल्या एका खेड्यातली बाई,’ असे ती इंग्रजीत सांगायची. ही माझी आई, हे पहिल्या वेळी सांगायचे राहून गेले, दुसऱ्या वेळी अवघड वाटले, आणि पुढे पुढे ती बाई खरोखरच कोणीतरी एक बाई होऊन बसली.

याची लाज धम्मदीपाला नव्हती असे नाही. आदल्या दिवशी विश्रामगृहावर ती स्लाइड काढून टाकायला बसलीही होती. मग वाटले, आई थोडीच येणार आहे. समोर नसलेल्या माणसाची कसली आली लाज? आणि ते माणूस आता पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरीसारखे ताठ बसले होते.

दिवे मंद झाले. स्लाइड पुढे सरकवायचे बटण धम्मदीपाच्याच हातात होते. तिसरीची पाळी आली की बटण दोनदा दाबायचे, कोणाला कळणारही नाही, असे तिने पक्के ठरवले. पण जिभेला वळण लागले की ती मालकाचे ऐकत नाही. फोटो पडद्यावर आला आणि इतकी वर्षे घोटलेली वाक्ये आपली आपण बाहेर पडली. जगदेव सरांनी भाषण मराठीतच करा म्हणून गळ घातली होती, त्यामुळे आज ती मराठीत होती, एवढाच काय तो फरक.

“हा जगातला सगळ्यात जुना रिअॅक्टर. यात तापमान मोजायचं यंत्र नाही. बाई खोकायला लागली, की समजायचं तापमान कमी पडलं.”

परदेशात या वाक्यावर हशा पिकायचा. इथे सभागृह चिडीचूप झाले. पोरे रिसोड-मानोऱ्याकडची, मालेगाव-कारंज्याकडची. त्यांच्या घरी खोकणाऱ्या बाया होत्या, आणि त्यात हसण्यासारखे काय ते त्यांना उमगेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. एकटाच, मोठा, मोकळा.

विमलबाई हसत होती.

आईच हसते म्हटल्यावर जगदेव सर हसले, मग प्राध्यापक, मग मागून पोरेही. विमलबाईने पदर तोंडाशी नेला, तिचे खांदे हलत होते. सगळे थांबले तरी ती पदराआड हसतेच आहे, असे धम्मदीपाला वाटले. तिने घाईने पुढची स्लाइड घेतली आणि पहिल्या रांगेकडे न पाहता उरलेले भाषण उरकले. टाळ्या भरपूर मिळाल्या. मायलेकींना शाल आणि संविधानाची प्रत मिळाली, फोटो निघाले. त्या फोटोंत धम्मदीपा कुठेच सरळ पाहत नव्हती.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा होता. अंजू मॅडम रसायनशास्त्र शिकवत, आणि त्यांची नजर बारीक होती. त्या विमलबाईशेजारी बसल्या, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि बशी पुढे करताना त्यांचे लक्ष तिच्या हाताकडे गेले.

“काकू, त्या चुलीच्या फोटोत तुम्हीच होता का? गोंदण अगदी असंच दिसलं.”

विमलबाईने शालीचे टोक ओढून मनगट झाकले.

“नाही जी. मी कायची? आमच्याकडं गॅस हाय केव्हाचा. अन् त्या बाईचं तोंड तरी कुठं दिसून राह्यलं?”

अंजू मॅडमनी धम्मदीपाकडे पाहिले. एक शब्द पुरला असता. चहाचा कप हातात धरून धम्मदीपा म्हणाली, जुना फोटो आहे, कोणाचा ते आता आठवत नाही. बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विमलबाई मात्र खाली मान घालून बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत राहिली.

परतताना गाडी तीच होती. दौलतसिंग नावाचा ड्रायव्हर अदबीने वागणारा होता, गाणी लावू का असे एकदा विचारून गप्प बसला. मंगरूळपीर मागे पडले. रस्त्याच्या कडेने पराटी उपटून रिकामी केलेली वावरे पसरली होती. विमलबाईने चपला काढून पाय वर घेतले, शालीची घडी मांडीवर नीट केली.

“चांगलं झालं भाषन,” ती म्हणाली.

धम्मदीपा खिडकीबाहेरच्या वावरांकडे पाहत राहिली.

“पन तो फोटो आला तवा कोनीच हासलं नाही. मले मोठी काळजी पडली. म्हून मंग मीच पयले हासली.”

धम्मदीपाने वळून तिच्याकडे पाहिले.

“तिथं हसायचं असते, हे तुले कोनं सांगतलं?”

“उत्कर्षनं मोबाईलवर दाखोलं ना. तुहं तिकडलं भाषन.” उत्कर्ष म्हणजे धम्मदीपाच्या भावाचा मुलगा. “कितीक खेपा पाह्यलं म्या. माहा फोटो येते, तू काही तरी बोलतं, का सारे गोरे हासतात. म्या मोहल्ल्यातल्या साऱ्या बायाईले दाखोलं. म्हटलं, पाहा, माही पोरगी माह्याबद्दल काय सांगून राह्यली तं किती खूश होतात लोक.” तिने मांडीवरच्या शालीवरून हात फिरवला. “ते विंग्रजी होतं ना. आज मराठीत समजलं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर धम्मदीपाला सोसला असता. तिने खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

“समजलं, तरी हासली?” तिने विचारले.

“मंग काय करू? एवढ्या लोकाईत तू एकटी उभी. हासाची जागा आली अन् कोनीच नाही हासलं, तं बरं दिसते का?” मग जरा आवाज उतरवून तिने लेकीला विचारले, “अन् त्या मॅडमले मी नाही म्हटलं, ते बरं केलं ना?”

बोलता बोलता विमलबाईने घाईघाईने पदर तोंडाशी नेला आणि तिचे खांदे हलू लागले. सभागृहात हलत होते अगदी तसेच. ती हसत नव्हती. घशात आलेला खोकला ती पदराने दाबून धरत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आवाज होऊ न देता. तेव्हाही तिने हेच केले होते, लेकीचे भाषण चालू असताना.

“दौलतसिंग, थांबवा गाडी.”

विमलबाई हातानेच नको नको म्हणत होती. धम्मदीपाने दार उघडून तिला खाली उतरवले आणि तोंडावरचा पदर बाजूला केला.

“खोक, माय. मोकळी खोक.”

“लोक पाहून राह्यले वं.”

“पाहू दे.”

मग विमलबाई खोकली. वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, बराच वेळ. धम्मदीपा तिची पाठ चोळत राहिली. रस्त्यापलीकडे पराटीच्या मोळ्या बांधत बसलेली एक बाई उठली आणि पाण्याची बाटली घेऊन आली. विमलबाईने दोन घोट घेतले. त्या बाईने तिच्याकडे पाहिले, मग धम्मदीपाच्या चष्म्याकडे, साडीकडे आणि दारापाशी ठेवलेल्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिले.

“कोन होय वं हे तुही?”

“माय होय माही,” धम्मदीपा म्हणाली.

गाडीतला दौलतसिंग सोडला तर ते ऐकायला तिथे ती एक बाईच होती. तिने मान हलवली, बाटली घेतली आणि आपल्या मोळ्यांकडे परत गेली.