उलट्या बाजूच्या खुणा

फोन वाजला तेव्हा मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. कोटाला अस्तर बसवत होते. पलीकडून हॉस्पिटलची बाई म्हणाली, तुमच्या मिसेस गेल्या. मग म्हणाली, "हॅलो? ऐकताय ना?" मास्तर एकेक टाचणी काढून मशीनच्या फळीवर ठेवत राहिले. तोंड रिकामं झालं तोवर फोन बंद झाला होता.

कोट बायकोचाच होता. समुद्राकाठचं शहर बघायचं आणि मग वर डोंगरावर राहायचं, अशी सहल तिनं लेकीच्या मागे लागून ठरवून घेतली होती. वर थंडी असते म्हणून कोट. दुकानात कापणं-शिवणं मास्तरांचं आणि काजं तिची, हे लग्नापासून चालत आलेलं. काजं मशीनवर पाडून आणायची म्हटलं की दोघांनाही कमीपणा वाटायचा.

हॉस्पिटलात जायच्या आधी तिनं कच्चा कोट अंगात घालून पाहिला आणि खो खो हसली.

"अहो, काजांच्या खुणा कुठं केल्यात? ही तर पुरुषांची बाजू!"

मास्तरांचा जन्म पुरुषांचे कोट शिवण्यात गेलेला. खडू आपोआप डावीकडे चालला होता.

"पुसतो आणि उजवीकडे करतो."

"हात लावू नका. आल्यावर माझी मी करते. तुमचा काय नेम, पुन्हा घोळ घालाल."

ती आली नाही. मास्तरांनी अस्तर पुरं केलं. खुणांना हात लावला नाही.

लेक म्हणाली, "सहल आईनंच ठरवली होती, बाबा. आणि तुम्हाला घरात एकटं ठेवून मी कुठंही जाणार नाही." मास्तरांना जायचं नव्हतं. पण पोरीच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. त्यांनी कोट घडी करून पिशवीच्या तळाशी घातला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

समुद्राकाठच्या हॉटेलात खोलीला भली मोठी काच होती. समुद्र दिसायचा, आवाज यायचा नाही. खिडकी उघडतच नव्हती. मास्तर अंघोळीला गेले की दारावर टकटक.

"बाबा, बरे आहात ना? कडी लावू नका हं."

"अगं, अंघोळ तरी करू दे!"

वाळूवर जावयानं कोपर धरून ठेवलं. "बाबा, पुढं नको."

"घोट्याइतकं पाणी आहे, जावईबापू."

"तरी पण."

माणसं चांगली होती, म्हणून ओरडायचीही सोय नव्हती.

डोंगराच्या रस्त्यावर दरड कोसळली. पुढं गाड्या, मागं गाड्या, भोवती धुकं. मास्तर मागच्या सीटवर नात आणि सामान यांच्यामध्ये चेपून बसले होते. जीव घुसमटला म्हणून सामानावरून हात घालून दाराचा खटका ओढला, तर दार उघडेना.

"आजोबा, ते माझ्यासाठी लॉक केलंय," नात म्हणाली. "मी पडू नये म्हणून."

तेवढं म्हणून ती स्वेटरवर भडाभडा ओकली.

लेकीनं स्वेटर काढला, पोरीला पुसलं. गरम कपड्यांच्या बॅगा हॉटेलच्या गाडीनं पुढं गेलेल्या. "बाबा, तुमच्या पिशवीत काही गरम आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

पोरीचे दात वाजायला लागले. मास्तर तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग वाकले आणि पिशवीच्या तळाशी हात घातला.

लेकीनं कोट ओळखला. जावयानं उगाच काच पुसायला घेतली.

"याला बटणंच नाहीत!" नात म्हणाली. कोट तिच्या पायांखाली गेला होता.

"व्हायचीत अजून."

"पिन लावू का?" लेकीनं विचारलं.

"नको. भोक पडेल."

मास्तरांनी दोन्ही पल्ले एकावर एक ओढले आणि मुठीत धरले. नात त्यांच्या मांडीवर झोपली. रस्ता मोकळा होईपर्यंत, आणि नंतरच्या सगळ्या वळणांवर, त्यांनी मूठ सोडली नाही. लेक पुढून हळूच म्हणाली, "काजं तुम्हीच पाडा ना, बाबा. तुम्हाला येतात की."

"येतात."

वर पोहोचल्यावर त्यांनी हात उघडला. तळहाताला खडू लागला होता. कोटावर खुणा राहिल्या नव्हत्या.

आता कोट दुकानात मशीनशेजारी टांगलेला आहे. अस्तर झालंय, इस्त्री झालीय. मास्तरांनी उजव्या बाजूला नव्या खुणाही केल्यात.

काजं अजून पाडायची आहेत.