केपखालची बाटली

थोरलीच्या पार्लरमध्ये फुकट मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे सल्ला. तो घेणाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही, पण देणाऱ्याला लगेच बरं वाटतं, म्हणून त्याचा पुरवठा कधी आटत नाही. मी काउंटरवर बसते, त्यामुळे कोण किती देतं आणि बदल्यात काय घेऊन जातं, याचा मला बराच अंदाज आहे. धाकटी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली आणि या मालाची आवक एवढी वाढली की ठेवायला जागा पुरेना.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दुकान थोरलीचं, पण केसांना रंग लावण्याचा हात धाकटीचा. तिची रजा सुरू होती तेव्हा थोरलीने स्वतः ब्रश हातात घेतला होता, आणि त्या काळात दोन बायका डोक्याला रुमाल बांधून हिंडत होत्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

धाकटी आली ती चार महिन्यांच्या मुलीला घेऊन. मुलीचं नाव काहीतरी नाजूकसं होतं, पण तिला भूक लागली की शेजारच्या किल्लीवाल्यालाही कळायचं, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणायचे. तिचा बाप सकाळच्या पाळीला असायचा. दुपारी येऊन तो तिला घरी न्यायचा, तोवर तिची बाबागाडी माझ्या काउंटरला लागून उभी.

भोंगा पावडरचं दूध प्यायची, बाटलीने. तेवढ्यावरून पार्लरमधल्या प्रत्येक खुर्चीला वाचा फुटली.

"अगं, अंगावरचं नाही देत?" केस कापायला आलेली बाई आरशातूनच विचारायची.

"सूप पी गरम गरम. धो धो येईल."

"हल्लीच्या मुलींना दम नाही गं."

एकीने तर शपथेवर सांगितलं की तिच्या बहिणीच्या मुलाला बाटलीच्या दुधामुळे गणित जमत नाही. ती बहीण स्वतः दुकानात बोटांवर हिशेब करते, पण ते खातं बाईंनी उघडलं नाही.

यावर थोरलीने एक तोडगा काढला. कोणी विषय काढला की ती आवाज खाली आणून म्हणायची, "आलंच नाही हो दूध बिचारीला." बस्स. समोरची बाई लगेच मऊ व्हायची, चुकचुकायची, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवायची. बिचारीला कोणी सल्ला देत नाही, कारण तिच्याशी वाद घालण्यात मजा नसते. धाकटी वाटीतला रंग गरजेपेक्षा जास्त जोरात ढवळायची.

अशात थोरलीला मातृमंडळ सापडलं. नव्या आयांना अंगावर पाजायला शिकवणाऱ्या बायकांचं मंडळ. त्यांचं मोठं संमेलन होतं, फोटो निघणार होते, आणि झाडून सगळ्या सभासद एकाच ठिकाणी केस करून घेणार होत्या. ते ठिकाण कोणतं, हे ठरवण्यासाठी अध्यक्षीणबाई आधी स्वतः येऊन रंग लावून बघणार होत्या.

त्या सकाळी थोरलीने धाकटीला सामानाच्या खोलीच्या दारात गाठलं. दार काउंटरच्या मागेच आहे.

"हे बघ, आज सगळं नीट पार पडलं ना, तर खिडकीची खुर्ची तुझी. काचेवर नावसुद्धा घालू."

खिडकीची खुर्ची म्हणजे रस्त्याकडची. रस्त्यावरून आत येणारं गिऱ्हाईक आधी तिथे बसतं, आणि जिचं नाव काचेवर असतं तिचंच होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून बेसिनजवळच्या खुर्चीवर काम करत होती, दुसऱ्याची गिऱ्हाइकं रंगवत. खिडकीच्या खुर्चीवर तिचा किती जीव होता हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. नाहीतर तिने नेमकी तीच देऊ केली नसती.

"फक्त ती बाटली दिसता कामा नये," थोरली म्हणाली. "आत ये आणि दे."

"आत शाम्पूचे कॅन आहेत वहिनी, मांडी घालायला जागा नाही. आणि रंग लावल्यावर डोक्यावर लक्ष ठेवावं लागतं. सोडून कशी येऊ?"

"मग केप घे अंगावर." केप म्हणजे केस कापताना आम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतो तो काळा झगा. "आत बाळ, आत बाटली. बाहेरून काय कळतंय?"

"म्हणजे अंगावर पाजतेय असं दाखवायचं?"

"आपण काही दाखवायचं नाही गं. त्यांचं त्या समजतील."

"आणि नाही समजल्या तर?"

"तर तू बिचारी आहेसच की."

धाकटीने थोडा वेळ खिडकीच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हो म्हणाली. आवडीच्या वस्तूसाठी माणूस काय काय पांघरायला तयार होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

अध्यक्षीणबाई आल्या. ताठ, नीटनेटक्या, आवाज सभेत बोलून कमावलेला. धाकटीने त्यांच्या मुळांवर रंग लावला, टायमर लावला. मधल्या खुर्चीत आमची एक नेहमीची कुरळ्या केसांची मुलगी केस वाळवत बसली होती, मांडीवर तिचं झोपलेलं बाळ. बाळ बघून अध्यक्षीणबाईंनी कुरळीला विचारलं, "अंगावर ना?" कुरळी हो म्हणाली, आणि तिला मान डोलावून पावती मिळाली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

धाकटीने तिला उचललं, केप गळ्याशी बांधला, स्टुलावर बसली आणि बाटली आतल्या आत सरकवली. आवाज बंद झाला. अध्यक्षीणबाई आरशातून कौतुकाने बघत म्हणाल्या, "हे मला आवडलं. कामाच्या जागी, सगळ्यांसमोर, न लाजता! संमेलनात तुमचं उदाहरण देणार मी."

थोरलीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांचा गल्ला जमल्यासारखं समाधान पसरलं.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. आम्ही दिवसभर आरशात बघतो, पण केसांपलीकडे आम्हाला काही दिसत नाही. पार्लरमध्ये समोरच्या भिंतीला आरसे आहेत तसे मागच्या भिंतीलाही आहेत, मानेवरचा काप दिसावा म्हणून. केप पुढून अंगभर असतो आणि मागून उघडा. ही अक्कल ना थोरलीला सुचली, ना धाकटीला, ना मला. तिघींनी मिळून बाटली लपवली ती आरशांनी भरलेल्या खोलीत.

अध्यक्षीणबाईंनी मान जरा तिरकी केली. समोरच्या आरशात मागचा आरसा, मागच्या आरशात धाकटीची पाठ, आणि तिच्या कोपराखालून बाहेर आलेलं बाटलीचं गुलाबी बूड.

"ते काय आहे?"

थोरली तयारच होती. "त्याचं काय आहे बाई, आलंच नाही हो दूध बिच..."

"आलं होतं," धाकटी म्हणाली.

एवढंच. पण ड्रायर चालू असूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

"आलं होतं. महिनाभर पाजलं. गाठी आल्या, ताप भरला, तेही काढलं. मग बरी झाले, तरी दूध येतच होतं. मी बंद केलं."

"अगं..." थोरली.

"वहिनी, तुम्ही रोज मला बिचारी म्हणता ना, त्यापेक्षा लोक मला वाईट म्हणाले तर परवडेल." तिने गळ्याशी हात नेऊन केपची गाठ सोडली आणि तो बाजूला टाकला. बाटली, भोंगा, भोंग्याचे फुगलेले गाल, सगळं समोरच्या आणि मागच्या आरशांत हजर.

अध्यक्षीणबाई उठायला गेल्या, पण डोक्यावर ओला रंग घेऊन रस्त्यावर जाता येत नाही. त्या परत बसल्या. एरवी गिऱ्हाईक रागावलं की दार आपटून जातं. इथे ते दारच बंद होतं, हे धाकटीच्या बाजूला जमा.

"पण का?" त्यांनी विचारलं. "येत होतं तर का बंद केलंत?"

"कारण नका विचारू. कारण सांगितलं की लोक ते तपासायला बसतात. हे चालेल, हे नाही चालणार. मला काम करायचंय, झोपायचंय, माझा नवरा तिला पाजतो आणि त्याला ते आवडतं. यातलं कुठलं तुम्हाला पास करायचंय?"

"आम्ही कोणाला नापास करत नाही," अध्यक्षीणबाईंचा आवाज सभेतून खाली उतरला. "आमच्या वेळी उलटं होतं. माझ्या सासूने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की शिकलेल्या घरात डब्याचं दूध देतात. मला भरून यायचं, कपडे भिजायचे, आणि पोरगं शेजारच्या खोलीत बाटलीने प्यायचं. मला कोणी विचारलंच नाही. म्हणून मंडळ काढलं मी."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या कानामागून रंगाचा ओघळ आला, तोही त्यांनी पुसला नाही.

"मग तुम्हाला तर कळायला हवं," धाकटी म्हणाली, जरा मऊ आवाजात, पण मागे न हटता. "न विचारता सांगितलं की कसं वाटतं ते."

"आईचं दूध चांगलं, हे तर खरं आहे ना?"

"असेल की. मी कुठे दुधाशी भांडतेय?"

मधल्या खुर्चीतून कुरळी म्हणाली, "मी बोलू का? मी अंगावर पाजते. मागच्या महिन्यात इथेच पाजायला घेतलं तर थोरल्या बाईंनी मला आत पाठवलं. म्हणे काचेतून रस्त्यावर दिसतं. शाम्पूच्या कॅनवर बसून पाजलं मी. आज हिनेही लपवायचं. मग पोरांनी बाहेर बसून खायचं तरी काय? तुमचे सल्ले?"

मला हसू आलं. मी फोन उचलला, वाजत नव्हता तरी.

थोरली कुरळीला काहीतरी गोड बोलणार, एवढ्यात टायमर वाजला. अध्यक्षीणबाई दचकल्या. "वेळ झाली? धुवा मग कोणीतरी!"

"मी धुते ना," थोरली पुढे झाली.

"नको!" अध्यक्षीणबाई ओरडल्या. रुमालवाल्या दोघींपैकी एक त्यांच्या मंडळातली होती.

धुताना मुळांवरचा रंग बोटांनी टोकांपर्यंत ओढून न्यावा लागतो, आणि वेळ चुकली तर डोकं पाटीसारखं काळं होतं. ते काम धाकटीचंच. पण तिच्या हातात भोंगा होता आणि बाटली अर्धी राहिली होती.

"येते," ती म्हणाली. "हिचं तोडणार नाही मी मधेच. कोणीतरी धरा."

मी उठले. ती म्हणाली, "तू नको, काउंटर सांभाळ. वहिनी, तुम्ही धरा."

थोरलीने दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, दोन्ही भिंतींवरच्या स्वतःकडे पाहिलं. "आत नेऊन देते."

"इथेच बसा. खिडकीची खुर्ची रिकामी आहे."

"अगं, सगळे बघतील!"

"टायमर वाजून गेलाय, वहिनी."

"घ्या हो लवकर!" अध्यक्षीणबाई किंचाळल्या. "माझं डोकं जातंय इथे!"

थोरलीने भोंगा घेतला, बाटली घेतली आणि खिडकीच्या खुर्चीत जाऊन बसली. बाहेर किल्लीवाला उभा होता. त्याने भोंग्याला हात केला. थोरलीला काय करावं कळेना, तिनेही बाटलीसकट हात केला, आणि भोंग्याने लगेच निषेध नोंदवला.

"तिरकी धरा," बेसिनवरून धाकटी ओरडली. "आडवी धरलीत की हवा जाते पोटात."

"येतं गं मला!" थोरली म्हणाली, आणि बाटली तिरकी धरली.

रंग सुरेख उतरला. धाकटीने हातआरसा मागे धरून मान दाखवली. अध्यक्षीणबाईंनी बराच वेळ पाहिलं, केसांकडेच पाहिलं असं मी म्हणणार नाही.

"काम चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "बाकीचं मंडळासमोर मांडावं लागेल."

"मांडा. पण पाहिलंत ते सगळं मांडा. बिचारी वगैरे नको."

जाताना त्या खिडकीशी थांबल्या, भोंग्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गेल्या. यातून होकार काढायचा की नकार, हे मला आजही सांगता येत नाही.

दार लागल्याबरोबर थोरली सुरू झाली. मोठ्याने नाही, कारण भोंगा तिच्या खांद्यावर झोपला होता. "घालवलंस ना सगळं? एवढं सांगितलं होतं."

"केस बिघडले का?"

"केसांचं कोण बोलतंय?"

"आपण पार्लर चालवतो वहिनी. केसांचंच बोलायचं." धाकटी बेसिनजवळच्या खुर्चीकडे गेली. आपल्या कात्र्या, कंगवे, ब्रश, वाट्या, सगळं एका ट्रेमध्ये भरलं आणि खिडकीच्या खुर्चीसमोरच्या फळीवर आणून मांडायला लागली, थोरलीच्या नाकासमोर.

"नीट पार पडलं तर, असं ठरलं होतं," थोरली कुजबुजली. उठता येत नव्हतं. हलली असती तर भोंगा वाजला असता.

"नीटच पार पडलंय. मंडळ आलं तर आलं. नाही आलं तर या खुर्चीवर मी दुसरी डोकी बसवीन. पण आता लपूनछपून नाही. माझी मुलगी इथे पिणार, हिचं बाळही इथे पिणार." कुरळीकडे तिने कंगवा दाखवला. "ज्याला जसं प्यायचं तसं."

मग ती माझ्याकडे वळली. "काचेवर नावं घालतो त्याला फोन लाव."

मी थोरलीकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला विचारल्याशिवाय मी या फोनवरून चहासुद्धा मागवला नव्हता. थोरलीने भोंग्याच्या पाठीवरचा हात थांबवला, काचेकडे पाहिलं, जणू अंतर मोजतेय.

"अक्षरं फार मोठी नकोत," ती म्हणाली.

"मोठीच," धाकटी म्हणाली, आणि मी फोन लावला.