बुटक्या स्टुलावरून काढलेली माणसं

विश्वस्तांनो, तुम्ही चोरी केलेली नाही. तुम्ही त्याहून वाईट केलंत. एका बाईने काढलेलं चित्र तुम्ही तिच्याच विरोधात साक्षीला उभं केलंत, वर दिवे सोडलेत, शेजारी मजकूर चिकटवलात आणि त्या सगळ्याला स्त्रियांचा सन्मान म्हणालात. ते चित्र कोणी काढलं हे विचारायला एक माणूस जिवंत होतं. चित्रातली मुलगीच जिवंत होती. तुम्ही तिला विचारलं नाहीत. आता ऐका.

ती मुलगी आता म्हातारी झाली आहे. लहानपणी तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. मोठेपणी मात्र तिने जन्मभर एका खुर्चीत बसून कवळ्या बनवल्या. समोर प्लॅस्टरचे जबडे, हातात घासणी. दात गेले की माणसाचा चेहरा कुठून खचतो हे तिला पाठ झालं होतं. चित्रांच्या वाटेला ती परत गेली नाही. पण जुन्या काळातल्या चित्रकार बायकांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलंय असं कळल्यावर ती चांगली साडी नेसून, गुडघ्यांना समजावत, संग्रहालयाच्या पायऱ्या चढली.

पहिली दालनं पाहून तिचा जीव सुखावला. केसात ब्रश खोचलेली एक बाई आरशातून स्वतःला न्याहाळत होती. एकीने आपल्या बहिणीला भांडण झाल्या झाल्या बसवलं असावं, अशी बहीण फुगलेली. एकीच्या बाहीला हिरवा रंग लागला होता आणि तिने तो तसाच चित्रातही काढला होता. भिंगरीला वाटलं, आत्या इथे हवी होती. शेजारच्या बाईला धक्का मारून म्हणाली असती, बघ गं, हिला कान जमत नाहीत म्हणून सगळ्यांना टोप्या घातल्यात.

शेवटच्या दालनावर पाटी होती, ‘पुरुषांच्या नजरेतून’. बायका माणसांना कशा बघत आणि पुरुष कसे बघत, यातला फरक दाखवायला हे दालन. भिंतींवर गावातली तेव्हाची बडी माणसं आणि त्यांच्या ऐन मध्यभागी ती स्वतः. वय वर्षं सात, निळा फ्रॉक, कपाळावर सुटलेली बट. खाली चित्रकार म्हणून तिच्या वडिलांचं नाव आणि शेजारी मजकूर. पित्याच्या अधिकारी नजरेखाली भेदरून खिळून गेलेली मुलगी. पुरुष चित्रकार मुलीला कसा वस्तू करून टाकतो याचा नमुना.

तिने तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. मग भिंतीला टेकली. पहारेकऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, नाही.

खरी गोष्ट अशी होती. वडिलांचा स्टुडिओ घराच्या वरच्या मजल्यावर होता. गावातली बडी माणसं तिथे चित्र काढून घ्यायला येत. वडील उंचेपुरे, गोडबोले. डॉक्टर असो की न्यायाधीश, बसल्या जागी विरघळायचा. कोटाच्या घड्या, सोन्याची साखळी, मागचा पडदा, हे सगळं वडील झकास रंगवत. चेहरा मात्र काही केल्या हाती लागत नसे. त्यांनी काढलेला कोणीही माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा दिसे, मग तो राजा असो वा रखवालदार.

चेहरे आत्या काढायची. नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली होती. सगळे म्हणत, भावाने आसरा दिला. खरं तर भावाची चूल तिच्या हातावर पेटत होती. पण परक्या बाईने तास तास डोळे रोखून आपल्याकडे बघावं, हे त्या बड्या माणसांना कुठून रुचणार? म्हणून खोलीच्या कडेला जाड पडदा लावला होता. पडद्याची शिवण दोन बोटं उसवलेली. त्या फटीमागे आत्या रंग घोटायच्या बुटक्या स्टुलावर बसून खरं चित्र काढायची आणि समोर वडील दुसऱ्याच कॅनव्हासवर हात नाचवत गप्पा मारायचे; कोट आणि पडदा ते मागाहून तिच्या कॅनव्हासवर भरायचे. हनुवटी वर हवी असेल तर आत्या ब्रशने डबी वाजवी, आणि वडील म्हणत, साहेब, जरा मान वर. एकदा डबी दोनदा वाजली तेव्हा वडील न्यायाधीशांसमोरच ‘काय गं?’ म्हणून बसले. न्यायाधीशांनी इकडेतिकडे बघितलं. वडिलांनी सांगितलं, मांजर आहे. त्या दिवसापासून आत्या घरात मांजर झाली.

त्या स्टुलापायी एक गोष्ट झाली. वडिलांच्या नावावरचा प्रत्येक चेहरा जरा खालून आणि जरा कडेने दिसतो. जवळजवळ प्रत्येक माणूस बघणाऱ्याला सोडून बाजूला कुठेतरी बघतो. पुढे एका विद्वानाने यावर मोठा लेख लिहिला. चित्रकार माणसासमोर नम्र होऊन त्याला खालून पाहतो, आणि त्याची माणसं दूर स्वप्नात हरवलेली असतात. वडिलांनी तो लेख जेवताना वाचून दाखवला. आत्याला हसता हसता ठसका लागला. म्हणाली, माझ्या स्टुलाचा सत्कार झाला हो. वडील हसले नाहीत. त्यांनी लेख घडी करून खिशात ठेवला.

आत्या गेली तेव्हा तिच्यावर चार ओळीही कुठे छापून आल्या नाहीत. पुढे वडील गेले, तेव्हा याच संग्रहालयाच्या एका दालनाला त्यांचं नाव दिलं.

प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी भिंगरीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. वयाने लहान, मनाने चांगल्या. डोळे भरून आले त्यांचे. मग म्हणाल्या, आजी, विश्वस्त पुरावा मागतील. रंग तपासून उपयोग नाही, कारण रंग दोघांचे एकाच डबीतले. तुमच्या एकटीच्या आठवणीवर ते चित्र उचलणार नाहीत. पण तुमचे भाऊ हेच म्हणाले, तर मी हे चित्र माझ्या हाताने पहिल्या दालनात नेऊन लावीन.

भाऊ म्हणजे दादा. तो याच संग्रहालयाचा विश्वस्त. बाबांच्या नावावरची सगळी चित्रं त्यानेच दिलेली.

ती त्याच्या घरी गेली. दादाने चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली, विषय निघताच चष्मा पुसायला घेतला. त्याचं म्हणणं साधं होतं. बाबांची अब्रू मेल्यावर का काढायची? लोक काय, नातवंडं काय म्हणतील? तिने विचारलं, आणि आत्याचं काय? तो म्हणाला, “आत्याने कधी मागितलं का?”

“आत्या जेवायला वाढू का विचारलं तरी नको म्हणायची,” भिंगरी म्हणाली. “म्हणून आपण तिला उपाशी ठेवलं होतं का?”

दादाने चष्मा घातला. भिंगरे, तुला बाबांचा राग आहे, असं म्हणाला. तिने चहा तसाच ठेवला. राग होता, पण बाबांवर कमीच. बाबा निदान आत्याला रोज विचारायचे, आजचा चेहरा कसा झाला? दादाला आणि त्या विश्वस्तांना तेवढंही विचारायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सांगतेला दादाचं भाषण होतं, त्याच शेवटच्या दालनात, त्याच चित्रासमोर. विश्वस्त पहिल्या रांगेत. दादा छान बोलला, अगदी बाबांसारखा. नम्र दृष्टी, स्वप्नाळू डोळे, सगळं आलं. मग प्रदर्शनवाल्या बाईंनी कोणाला काही विचारायचंय का म्हणून माईक फिरवला, आणि मुद्दाम म्हणा की चुकून, तो आधी भिंगरीच्या हातात दिला.

ती उठून उभी राहिली. गुडघे कुरकुरले. भाषण तिने केलं नाही. आधी भिंतीवरचे बाकीचे चेहरे दाखवले. डॉक्टर, व्यापारी, ते न्यायाधीश. म्हणाली, हे सगळे बाजूला बघतायत. स्वप्नात नाहीत ते. बाबांकडे बघतायत, कारण बाबा तिथे उभे होते. बसणारा ज्याच्याकडे बघतो, तो चित्र काढत असता तर हे सगळे तुमच्या डोळ्यांत बघत असते.

दालनात कोणीतरी खोकलं. दादा पाण्याचा ग्लास शोधू लागला.

मग ती आपल्या चित्राकडे वळली. मुलीचे खांदे बाजूला वळलेले, नाक बाजूला, जसं बाबांनी बसवलं तसंच. डोळे मात्र सरळ. इतक्या चित्रांत एवढीच एक, जी बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते.

“या मुलीला भीती वाटत होती असं तुम्ही लिहिलंय,” ती म्हणाली. “मला फटीत माणूस दिसत होतं. बाबा सारखे ओरडत होते, इकडे बघ, माझ्याकडे बघ. मग पडद्यामागून आवाज आला. बघू दे तिला इकडेच, एकदा तरी कोणीतरी माझ्याकडे बघू दे. दादा, तू दारात उभा होतास. तुला तो आवाज आला होता. तू मला त्या रात्री विचारलंस, आत्या रडत का होती.”

दादाने हातातला ग्लास खाली ठेवला. विश्वस्त आधी त्याच्याकडे, मग एकमेकांकडे बघू लागले. प्रदर्शनवाल्या बाई माईक परत घ्यायला पुढे आल्या आणि मध्येच थांबल्या.

“मी बसणार नाही,” भिंगरी म्हणाली. “आणि तुम्हीही कोणी उठू नका. बाबा तिकडे उभे होते. मग ही मुलगी कोणाकडे बघतेय? दादा, नाव सांग.”