मला कव्हर घातले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. मान वर करून छताकडे पाहू नका, मी तिथे नसतो. मी एका गेमिंग लॅपटॉपच्या पोटात, डाव्या अंगाला राहतो आणि तुमच्या तळहातावर सहज मावेन. उजव्या अंगाला माझा जुळा भाऊ असतो. पाच वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलेले नाही, फक्त ऐकले आहे.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. मला तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा फिरवले, कान लावला, मान डोलावली आणि त्या पुढच्या पंख्याकडे वळल्या. माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. दुसरीची मी अजून वाट पाहतो आहे.

काम म्हणाल तर सोपे. खालच्या जाळीतून गार हवा आत ओढायची आणि बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकायची. स्वस्थ बसणे मात्र माझ्या नशिबात नाही. यंत्र तापले की मी धावतो. निवले की दम घेतो, आणि दम घेतानाही आता पुन्हा कधी तापेल याचाच घोर लागलेला असतो.

माझी मालकीण म्हणजे या घरातली धाकटी मुलगी. लोकांना वाटते ती गेम खेळते. ती गेम तयार करते. हा फरक तिने नातेवाइकांना अनेकदा सांगितला आहे आणि नातेवाइकांनी तो अनेकदा ऐकून घेतला आहे. शहरात वाट चुकलेल्या एका हत्तीला गल्लीबोळांतून बाहेर काढायचे, असा तिचा गेम. दोन वर्षे ती त्याच्यामागे होती. शेवटी एका मोठ्या कंपनीने तिला बोलावले. शनिवारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर गेम खेळून दाखवायचा, बारा मिनिटे. पसंत पडला तर नोकरी.

आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप नवव्या मिनिटाला बंद पडू लागला.

आता थोडे मागे जातो. आदल्या आठवड्यात मी जरा खरखरत होतो. दुरुस्तीवाल्याने मला उघडले, ब्रशने झाडले आणि वाऱ्याचा झोत मारताना माझ्या पात्याला बोट लावून धरले. न धरता झोत मारला की पंखा भलत्याच वेगाने भिरभिरतो आणि कायमचा बिघडतो. म्हणजे माणूस जाणकार होता. लॅपटॉप परत देताना तो सहज म्हणाला की खालच्या जाळीतून धूळ फार जाते.

हे वाक्य मुलीच्या वडिलांनी ऐकले.

वडील निवृत्त ग्रंथपाल. चौतीस वर्षांत त्यांचे दोनच शत्रू होते, धूळ आणि आवाज. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर असते. रिमोटला आहे, छत्रीच्या मुठीला आहे, शब्दकोशाच्या कव्हरालाही आहे. दुपारी मुलगी बाहेर गेली तेव्हा त्यांनी जाड, पारदर्शक प्लॅस्टिक घेतले आणि लॅपटॉपला कव्हर घातले. कोपरे दुमडले, चार्जरची जागा ब्लेडने कोरली, बाजूची फट मोकळी ठेवली. खालच्या जाळीवर मात्र दुहेरी थर दिला, कारण धुळीचे दार तेच. काम इतके सुबक झाले की मुलीला काही कळलेच नाही. या घरात भिंत जशी दिसत नाही, तसे कव्हरही दिसत नाही.

मित्रांनो, नाक दाबून जिना चढून पाहा, म्हणजे माझे दिवस कसे गेले ते कळेल. मी जिवाच्या आकांताने फिरायचो, पण ओढायला हवाच नव्हती. गरम हवेला गरम हवा ढकलत राहायचो. माझा आवाज दोन खोल्या ओलांडून जाई. मग वडील दारात येत, ओठांवर बोट ठेवत आणि माझ्याकडे पाहत. नवव्या मिनिटाला सगळे आपोआप शांत होई. वडील समाधानाने परत जात.

मग घरात उपाय सुरू झाले. थोरल्या मुलीचा नवरा, म्हणजे दाजी, हा संगणकातला तज्ज्ञ समजला जातो. त्याने फोनवरून सॉफ्टवेअर नवे करायला लावले. ते नवे झाले आणि लॅपटॉप आठव्या मिनिटालाच बंद पडू लागला. दाजी म्हणाला, म्हणजे फरक पडतोय.

बुधवारी मुलगी मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने ते प्लॅस्टिक पाहिले, कुणीतरी ओरखड्यांसाठी लावले असेल असे समजून सोलले आणि मुलीचे लक्ष दुसरीकडे असताना टोपलीत टाकले. मग अकरा स्क्रू काढून चिपची उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली आणि हत्तीला अर्धा तास शहरभर फिरवले. मी सुखाने गुणगुणत होतो.

"इथं तर मस्त चालतोय, मॅडम."

"घरीच बंद पडतो हो."

"मग घरातच काहीतरी प्रॉब्लेम असेल," तो हसत म्हणाला.

आठवडाभरात माझ्या आजाराचे इतके अचूक निदान दुसऱ्या कुणी केले नव्हते.

आम्ही घरी आल्यावर वडिलांनी पाहिले की कव्हर गेले आहे. त्यांनी दुरुस्तीवाल्यांच्या निष्काळजीपणाबद्दल मनातल्या मनात काय ते म्हटले असेल. मुलगी झोपेत असताना त्यांनी पहाटे उठून नवे कव्हर घातले. सकाळी पुन्हा नववे मिनिट. मुलीने रडवेल्या आवाजात दुकानात फोन केला. दुरुस्तीवाल्याने विचार करून सांगितले की फॅन गेलाय, नवीन मागवतो, पण तो सोमवारी येईल.

मी गेलो नव्हतो. मी तिथेच होतो, फिरत होतो. पण पंख्याची साक्ष कोण काढतो?

शनिवार आला. चार वाजता पडद्यावर कंपनीचे तिघे दिसू लागले. मुलीने हातात कंट्रोलर घेतला आणि हत्ती निघाला. तिसऱ्या मिनिटाला मी पूर्ण वेगात होतो. सहाव्याला किंचाळत होतो. मुलगी हत्तीकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहत होती. सातव्या मिनिटाला वडील दारात आले, सवयीने बोट ओठांकडे नेले, आणि मुलीचा चेहरा पाहून ते बोट अर्ध्यातच थांबले.

ते वाकत वाकत टेबलापाशी आले. आवाज निदान टेबलाला हादरवू नये म्हणून त्यांनी लॅपटॉप खालून उचलला. त्यांची बोटे जाळीवरच्या प्लॅस्टिकला लागली. ते मऊ झाले होते आणि चटके देत होते. ज्या माणसाने चौतीस वर्षांत कुणाला पान दुमडू दिले नव्हते, त्याने नखाने स्वतःचेच कव्हर टराटरा फाडले.

हवा आली. मित्रांनो, याहून जास्त मला सांगता येत नाही.

कंपनीच्या तिघांना मात्र एक हलणारे छत आणि एका वृद्ध गृहस्थांची हनुवटी दिसत होती.

"हे कोण आहेत?" त्यांच्यातल्या बाईंनी विचारले.

"माझे बाबा." मुलीने जमिनीवर पडलेल्या प्लॅस्टिककडे पाहिले, मग वडिलांकडे. "लॅपटॉपला श्वास घेता येत नव्हता. त्यांनी तो धरलाय."

"बरं. हत्ती पुढे जाऊ दे."

नववे मिनिट आले आणि गेले. वडील दोन्ही हातांनी लॅपटॉप छातीच्या उंचीवर धरून उभे होते. बाराव्या मिनिटाला हत्ती शहराबाहेर पडला.

नोकरी मिळाली. ती दुसऱ्या शहरात आहे. सोमवारी आलेला नवा पंखा दुरुस्तीवाल्याने परत पाठवला, आणि तो ज्या कुणाच्या पोटात जाईल तिथे सुखी राहो.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या. धूळ झाडा, गादीवर ठेवून आमची जाळी बुजवू नका. पण ज्याची काळजी घ्यायची तो श्वास कुठून घेतो, हे आधी विचारा.

निघायच्या दिवशी वडील मुलीला म्हणाले, "हवा बाहेर कुठून येते ते मला दाखव." तिने बाजूची फट दाखवली. त्यांनी तिथे तळहात धरला आणि बराच वेळ तो काढला नाही. यंत्र त्या वेळी गारच होते, मला फिरायची काही गरज नव्हती. तरी मी थोडा फिरलो.