खांद्यावरचा हात

शिवणवाल्या मावशींच्या दारात चपलांचा हा ढीग! आत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, कापडाचे गठ्ठे पलंगाखाली कोंबलेले, आणि सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या एका फोटोकडे वळलेल्या.

"अगं बाई, खरंच की! हात आहे!"

"आणि मागे माणूसच नाही!"

फोटोत मावशी आणि त्यांची लेक हसत उभ्या होत्या. मावशींच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. मनगटाला घड्याळाचा पट्टा, त्यापुढे एकदम हिरवी झुडपं.

गर्दी बघून आलेल्या फोटोवाल्यानं दारातूनच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कारण ही कलाकुसर त्याचीच होती.

त्याचं झालं असं. धंदा बसला, तेव्हा या गृहस्थानं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून फोटो सुधारायची विद्या घेतली. आधी बायकोच्या गालावरचा तीळ पुसला आणि भरपूर बोलणी खाल्ली. मग एका नवरदेवाचे दात एवढे उजळवले की फोटोत नवरीकडे कुणाचं लक्षच जाईना. तरी गडी स्वतःला उस्ताद समजू लागला. अशात मावशींच्या लेकीनं परगावाहून फोटो पाठवला. घटस्फोट झालाय, नवऱ्याला यातून काढा आणि फोटो मोठा करून आईला द्या. फोटोवाल्यानं जावई काढला, जागी झुडपं पसरली, आणि फोटो पोचवताना छाती फुगवून म्हणाला, "मावशी, मुळासकट काढलाय. नखसुद्धा शिल्लक नाही!"

नखं चांगली पाचच्या पाच शिल्लक होती.

आता त्याच फोटोखाली बसून दृष्टांतवाले बाबा गरजत होते, "फोटोवाल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, नखसुद्धा ठेवलं नाही! मग हा हात कुणाचा? मावशींच्या स्वर्गवासी मालकांचा! देह गेला, पण लहरी राहिल्या. लहरी थेट कॉम्प्युटरात उतरल्या! आपापले फोटो आणा, याच पुण्यवान माणसाकडून करून घ्या, मग त्यातल्या लहरी मी वाचतो!"

लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी तर फोटोवाल्याच्या पाया पडलं. अच्छा, म्हणून दुकानात गर्दी होतेय होय! त्याच्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाचं काय बिघडतंय?

"साखरेच्या गोळ्या बंद केल्या हो मी," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "बाबा म्हणाले, ह्यांनी हात ठेवलाय, आता औषध घेणं म्हणजे ह्यांच्यावर अविश्वास." त्या उठायला गेल्या आणि झोक जाऊन मशीनला धरून राहिल्या. पायाच्या बोटाला बांधलेली पट्टी ओली झाली होती. जखम चिघळली होती.

फोटोवाला पटकन पुढे झाला. "मावशी, तो हात जावयाचा आहे. मी पुसायला विसरलो."

"शक्यच नाही!" बाबा हसले. "एवढा कसबी माणूस एवढी ढळढळीत चूक करेल?"

"नाही, नाही!" लोक म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी कसबी म्हटलं होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण ढ आहोत हे पटवून द्यायची पाळी आली. "करतो हो! मी असल्याच चुका करतो! बायकोला विचारा!" असं ओरडत तो पळाला आणि लॅपटॉप घेऊन आला.

"हे बघा मावशी. खाली मूळ फोटो आहे, त्यावर मी झुडपांचं ठिगळ लावलंय. ठिगळ उचललं की..."

त्यानं बटण दाबलं. गॉगल लावून, दात काढून जावई उगवला. त्याचा हात सासूच्या खांद्यावर.

"तोंड, पोट, पाय झाकले. खांद्यावरचं काम नाजूक, म्हटलं शेवटी करू. आणि चहाला गेलो."

"आत्म्यानं जावयाचं रूप घेतलंय!" बाबा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

मावशींनी स्वतः बटण दाबलं. जावई गेला. दाबलं, आला. "ह्यांनी कधी घड्याळ बांधलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम उसळल्या, "म्हणजे रोज सकाळी मी त्या मेल्याच्या हातावर डोकं टेकत होते?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं घर हसलं. बाबा दारात आपल्या चपला शोधू लागले. मावशी मात्र पदरानं डोळे पुसत होत्या. "मला वाटलं, खरंच आले हे."

फोटोवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, आठवण खरी आहे. हात तेवढा खोटा. चला, आधी डॉक्टरकडे."

जखम वेळेवर दाखवली म्हणून बोट वाचलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फोटोवाला म्हणाला, "फोटो द्या, हात पुसून आणतो. फुकट."

"राहू दे. त्याच्याखाली ठळक अक्षरात लिहून दे."

तो फोटो अजून तिथंच आहे, खाली 'ही फोटोवाल्याची चूक आहे' अशा पाटीसकट. माप द्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, आणि तोंडातली टाचणी काढून मावशी सांगतात, "चमत्कार दिसला ना, की हात जोडायच्या आधी विचारायचं, हे केलं कुणी? आणि करणारा चहाला कधी गेला?"