तेलाच्या डब्याचा तारा

मी पत्र्याचा तारा बोलतोय. वर आभाळात शोधू नका, या आंब्याच्या फांदीकडे बघा. पाच टोकं, त्यातलं एक जरासं वाकडं, आणि पोटावर अर्धं सूर्यफूल. तोच मी.

जन्मानं मात्र मी सूर्यफुलाच्या तेलाचा डबा. कारखान्यातल्या गोष्टी मला फारशा आठवत नाहीत. गडगडाट आणि ऊन ऊन तेलाचा वास, एवढंच. मग ट्रकमधून हिंदकळत मी या तळ्याकाठच्या गावात, न्खाता बे इथं, आलो आणि टेरेझाच्या घरी पोचलो.

टेरेझा बाजाराच्या वळणावर बसून मंडासी तळते. मंडासी म्हणजे गोड पिठाचे फुगलेले गोळे. सकाळी चहाबरोबर सगळं गाव तेच खातं. माझ्यातलं तेल संपल्यावर तिनं मला घासून पुसून उन्हात वाळवलं आणि माझ्यात पीठ भरायला लागली. "असा घट्ट झाकणाचा डबा पुन्हा मिळायचा नाही," असं ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. ऐकून मी आतल्या आत फुगायचो.

कुंपणापलीकडे एस्नाती राहायची. तिचं थंड पेयांचं छोटं दुकान. नवरा तळ्यावर होड्या दुरुस्त करायचा. या दोघी एकेकाळी एका ताटात जेवणाऱ्या. पण एक दिवस टेरेझाच्या बकरीनं दोरीवर वाळत घातलेलं एस्नातीचं लग्नातलं चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं ते रंगीत कापड, निम्मं खाऊन टाकलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण तोंडातून निळी किनार लोंबकळत असलेली ती बकरी बघून टेरेझाला हसू आवरेना. ती पोट धरून हसली. कापड गेल्याचं दुःख एस्नाती विसरली असती, ते हसणं काही विसरेना.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. बंद म्हणजे काय, एकमेकींशी बंद. टेरेझा बकरीशी बोलायची, एस्नाती कोंबडीशी, आणि आवाज कुंपणापलीकडे जाईल एवढा.

"खा गं बाई, गवतच खा," टेरेझा बकरीला म्हणायची. "कापडं खाल्लीस तर लोक जन्मभर तोंड फुगवून बसतात."

लगेच पलीकडून, "काय गं कोंबडे, दात दाखवत फिरणाऱ्यांना दुसरं कामच नसतं बघ."

माणसांची ही तऱ्हा मला कधी कळली नाही. बिचारी कोंबडी मान वाकडी करून ऐकायची आणि किडे टिपायला निघून जायची.

नाताळ जवळ आला. चर्चमधली विकत आणलेली चकचकीत सजावट उंदरांनी कुरतडली होती. रविवारच्या शाळेच्या मार्थाबाईंनी मुलांना सांगितलं, "यंदा काही विकत आणायचं नाही. घरात जे टाकायचं असेल त्यातूनच करायचं. सगळ्यात सुंदर वस्तू वेदीच्या वर लागेल."

टेरेझाची मुलगी लुसुंगू आणि एस्नातीचा मुलगा वेझी एकाच वर्गातले. आया बोलत नसल्या तरी यांचं कुंपणाच्या भोकातून सगळं चालायचं.

"माझ्याकडे बाटल्यांची बुचं आहेत, पोतंभर," वेझी म्हणाला. "बाबांची पत्रा कापायची कात्रीपण आहे. पत्रा मात्र नाही."

लुसुंगूनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला.

"वेडी आहेस का? तुझी आई सोलून काढेल!"

"टाकायचाच आहे तो. झाकण सैल झालंय."

साफ खोटं! झाकण अजिबात सैल नव्हतं. पण डब्याचं ऐकतं कोण? तिनं पीठ पातेल्यात ओतलं आणि मला फ्रॉकखाली लपवून पलीकडे नेलं.

कापताना दुखलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर त्यांनी मला जमिनीवर सपाट केलं, कोळशानं तारा काढला, दगडानं ठोकून माझ्या कडा दुमडल्या, आणि दोघं माझ्यावर ओणवी होऊन जीभ बाहेर काढून काम करायला लागली, तेव्हा वाटलं, इतक्या जवळून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. वेझीची बुचं, चहाच्या पुड्यांचा चंदेरी कागद, मोडक्या छत्रीच्या तारा, फाटक्या जाळ्याचा दोरा, सगळं माझ्याभोवती जमलं. रोज काम झालं की मी वेझीच्या खाटेखाली.

इकडे टेरेझाला डबा सापडेना. तिनं लेकीला विचारलं. लेकीनं माहीत नाही म्हणून मान हलवली. मग तिची नजर कुंपणाकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून बाजारात मंडासीबरोबर चोरीची गोष्टही वाटली जाऊ लागली.

"नाव नाही घेत मी कुणाचं," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण कुंपण एकच आहे, आणि बकरीला डबा उचलता येत नाही."

ते एस्नातीच्या कानावर गेलं. ती घरी आली ती दुकान अर्ध्यावर टाकून. "वेझी, इकडे बघ. त्या बाईचा डबा आपल्या घरात आहे?"

वेझीनं खाटेकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

एस्नातीनं मला बाहेर ओढलं आणि मांडीवर घेऊन मटकन बसली. लुसुंगू दारातच उभी होती, रडवेली. "काकू, मीच आणला. मीच कापला. आईला सांगायचं धाडस होत नाहीये."

आता हिनं मला उचलायचं, लुसुंगूला दंडाला धरायचं आणि भर बाजारात नेऊन उभं करायचं. सगळं गाव तिच्या बाजूचं झालं असतं. मी वाट बघत राहिलो.

ती कितीतरी वेळ माझ्या सूर्यफुलावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "याला शेपूट नाही?"

"काय?" वेझी.

"शेपटीवाला तारा हवा. नुसता तारा काय, भाकरीसारखा दिसतो." ती उठली, पेटी उघडली आणि निळ्या किनारीचं ते उष्टं चितेंजे बाहेर काढलं. एक क्षण छातीशी धरलं. मग टर्रकन फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. लुसुंगूला म्हणाली, "आईला मात्र तूच सांगायचं. नाताळाच्या आत. मी सांगणार नाही."

लुसुंगूनं सांगायचं रोज उद्यावर टाकलं. नाताळाची सकाळ उजाडली आणि मी वेदीच्या वर चढलो. खिडकीतून तळ्यावरचा वारा आला, बुचं खुळखुळली, निळी शेपटी हलली. चर्चभर "ओऽऽ" झालं. असा आवाज माझ्यासाठी कुणी काढेल, असं पिठाच्या डब्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

टेरेझा तिसऱ्या बाकावर होती. तिनं आधी सूर्यफूल ओळखलं. मग निळी किनार ओळखली. तिचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात लुसुंगू उभी राहिली, सगळ्यांदेखत. "आई, तो आपला डबा आहे. मी कापला. काकूंनी काही घेतलं नाही. काकूंनी दिलं."

टेरेझा उठली आणि एस्नातीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"इथं तर बकरीही नाही गं," ती शेवटी म्हणाली. "आता सांगू कुणाला?"

एस्नातीनं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मला सांगून बघ."

"चुकले, न्याचिर्वा." एस्नातीच्या माहेरचं हे नाव; मानानं हाक मारायची तर आमच्याकडे असंच म्हणतात. "तुला चोर म्हटलं ते चुकलं. आणि त्या दिवशी हसले, तेही."

"हसलीस ते जाऊ दे," एस्नाती म्हणाली. "किनार लोंबकळणारी ती बकरी आज सकाळी मला आठवली, आणि मीच..." पुढचं तिला बोलताच आलं नाही. हसता हसता ती टेरेझाच्या खांद्यावर कोसळली. मार्थाबाईंनी गाणं सुरू करायची खूण केली, पण पहिलं कडवं कुणालाच धड म्हणता आलं नाही. त्या दिवशी दोन्ही घरांचा भात आणि कोंबडीचा रस्सा एकाच अंगणात शिजला. कोंबडी कुठली होती, ते मी विचारलं नाही.

सण संपला. मुलांनी मला इथं, कुंपणावरच्या या आंब्याला टांगलं. पावसानं एका टोकाला गंज धरलाय, चंदेरी कागद उडून गेलाय. खाली बसून दोघी सुकी मासळी निवडतात आणि माझं वाकडं टोक कुणाच्या पोरानं कापलं यावरून कडाकडा भांडतात, समोरासमोर. परवा लुसुंगू आणि वेझी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी कुजबुजत होती. "यातून पुढच्या वर्षी घंटा होतील, बघ." कापा, बाळांनो. मी आता घाबरत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात रिकामा डबा असेल, खोका असेल, बुचं असतील, तर उकिरड्यावर टाकण्याआधी पोरांना एकदा दाखवा. त्यांना त्यात काय दिसतं, ते तुम्हाआम्हाला दिसत नाही.

बरं, निघतो. तळ्यावरून वारा सुटलाय, मला जरा फिरायचंय.